तिसरीच्या पोटातली पेशी

विळीच्या पात्यावर तिसरी उघडली की मऊ गरात, बिजागरीच्या बाजूला, हिरवट-तपकिरी गोळा दिसतो. एकाच शिंपलीत गर ठेवून एकशिपी करताना तो गरासोबत शिंपलीतच राहतो. तिसरी नुकतीच खाडीतून आलेली असेल तर त्याच्यालगत काचेसारखी पारदर्शक काडीही सापडते. अळी समजून कुणी ती काढून टाकतात, पण ती तिसरीच्या जठराचाच भाग असते. खाडीतलं काय तिसरीच्या अंगात जातं आणि त्यातलं काय ती परत टाकू शकते, हे या काडीवरून आणि त्या गोळ्यावरून कळतं.

धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट. रायगडच्या या खाड्यांत उधाणाच्या ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो. बायका त्यात उतरून तिसऱ्या वेचतात, खडकाला चिकटलेली कालवं फोडतात. भरती आली की हेच प्राणी कामाला लागतात. कल्ल्यांवरचे असंख्य सूक्ष्म केस हलत राहून पाणी आत ओढतात आणि त्यातले कण चिकट स्रावात पकडतात. तोंडाजवळचे पाकळीसारखे अवयव निवड करतात. नको असलेल्या गाळाच्या गोळ्या होऊन बाहेर पडतात, बाकीचं जठरात जातं. तिथे ती काडी स्वतःभोवती फिरत अन्न घुसळते, आणि फिरता फिरता झिजून पिष्ट पचवणारं द्रव्य सोडते.

आपलं बहुतेक पचन आतड्याच्या पोकळीत होतं आणि पेशींना तयार रस मिळतो. तिसरीचं तसं नाही. बारीक झालेले कण त्या हिरवट गोळ्यातल्या, म्हणजे पाचक ग्रंथीतल्या, बंद टोकांच्या नळ्यांत शिरतात आणि नळीच्या भिंतीतली एकेक पेशी ते स्वतः गिळते. पचनाचं उरलेलं काम पेशीच्या पोटात होतं. पेशीच्या या गिळण्याला एंडोसायटोसिस म्हणतात.

पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. शैवालाचा कण आत घ्यावा एवढं दार त्यात नाही. म्हणून पटलच आत खचतं, खळगा होतो, आणि मोदकाच्या कळ्या एकत्र आणून तोंड मिटवावं तसं त्याचं तोंड आवळलं जाऊन एक पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, आत सुटते. कण मोठा असेल तर पटल चहूबाजूंनी वर चढून त्याला कवेत घेतं. अनेक खळग्यांना आतल्या अंगाने क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी असते. तीन पायांचे रेणू एकमेकांत अडकून पंचकोन-षटकोनांचा पिंजरा उभा राहतो. असे अस्तर लावलेले खळगे १९६४ साली रॉथ आणि पोर्टर यांनी दाखवले ते एडिस डासाच्या मादीत. ती रक्त प्यायल्यावर तिच्या पोटातली वाढती अंडी बलकाचं प्रथिन गिळत होती. क्लॅथ्रिनला नाव मिळालं १९७६ च्या सुमारास, बार्बरा पिअर्स यांच्याकडून.

गिळलेल्या पुटिकेचं पुढे काय होतं, याचा एक देखणा शोध रायगडच्या समोरच, मुंबई बंदराच्या पलीकडे कुलाब्याला लागला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना लॅटेक्सचे मणी गिळायला दिले आणि ते मणी आत किती जोराने ओढले जातात, हे लेसरच्या चिमट्याने मोजलं. ओढणारं प्रथिन डायनीन. एकटं डायनीन दुबळं असतं. पुटिका जुनी होत जाते तशी तिच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त ठिगळं तयार होतात, डायनीनचे रेणू तिथे गोळा होतात आणि मिळून पुटिकेला लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, खेचतात. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. लायसोसोममध्ये आम्लता सामू ५ च्या आसपास, आणि सगळं फाडणारी विकरं.

तिसरीच्या रक्तातल्या पेशीही जंतू असेच गिळतात. इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून, त्याच्याभोवती जमणाऱ्या अशा पेशी पाहिल्या. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या याच कामासाठी.

आता स्वयंपाकघरातली गोष्ट. तिसऱ्या आणल्या की रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे वाळू टाकतात. ही रीत चांगलीच आहे. वाळू जाते, जठर-आतड्यात अडकलेलं बरंचसं जातं. पेशीने गिळलेलं मात्र एका रात्रीत जात नाही. गाळाच्या कणांना चिकटून आलेले धातू लायसोसोममध्ये साठत जातात, कारण विकरं प्रथिन फाडू शकतात, कॅडमियम किंवा शिसं नाही. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत कुंडलिकेच्या खोऱ्यात आहे, महाडची सावित्रीच्या. या नद्यांच्या मुखाशी तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बाईला ही माहिती कुणी द्यायची, हा प्रश्न मला टोचतो.

उत्तर तिसरीच्याच पेशीत आहे. शिंपले वापरून समुद्राच्या प्रदूषणावर नजर ठेवावी, ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली आणि ती जगभर रुजली. त्यातली एक चाचणी अगदी साधी. शिंपल्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि न्यूट्रल रेड हा रंग घालायचा. पेशी तो आत घेतात आणि तो लायसोसोममध्ये साठतो. दर पंधरा-तीस मिनिटांनी बघत राहायचं. निरोगी प्राण्यात रंग बराच वेळ जागेवर टिकतो. प्रदूषणाने लायसोसोमचं पटल कमकुवत झालं असेल तर तो लवकर पेशीभर पसरतो. चांगलं सूक्ष्मदर्शक आणि बाटलीभर रंग असलेल्या कुठल्याही कॉलेजला हे जमण्यासारखं आहे. धरमतरपासून बाणकोटपर्यंत प्रत्येक खाडीत पावसाळ्याआधी आणि नंतर ही चाचणी व्हावी, आणि तिचे निकाल मराठीत, मासळीबाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या हातात पोचावेत.