उन्हाने नेलेल्या पाण्याचा हिशेब

निवासी शाळेत पाण्याचा हिशेब हा रोजच्या जगण्याचा भाग असतो. टाकीत किती आले, स्वयंपाकाला किती लागले, आंघोळीला किती गेले, हे आपण पाहतो. परंतु उघड्या तळ्यातून ऊन आणि वारा जे पाणी घेऊन जातात, त्याची नोंद सहसा कोणत्याच वहीत नसते. 'आटले' एवढे म्हणून आपण विषय संपवतो. आपल्या पालकांपैकी व माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या शेतात वा गावात शेततळे आहे, त्यांच्यासाठी हे आटणे कसे मोजावे, ते येथे मांडत आहोत.

बाष्पीभवनाचा मूळ नियम 1802 साली जॉन डाल्टन यांनी मांडला. विणकराच्या घरी जन्मलेले आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून शाळेत शिकवू लागलेले हे इंग्रज शास्त्रज्ञ. पाण्याच्या पृष्ठभागालगतचा बाष्पदाब आणि वरच्या हवेतील बाष्पदाब यांत जितकी तफावत अधिक, तितके पाणी लवकर उडते, असा त्या नियमाचा आशय आहे. कोरड्या उन्हाळ्यात ही तफावत मोठी असते. पावसाळ्याच्या दमट हवेत ती घटते. वारा पाण्यावरील ओलसर हवा दूर सारतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी पाणी अधिक आटते.

प्रत्यक्ष मोजणीसाठी हवामान केंद्रांत व कृषी विद्यापीठांत बाष्पीभवन पात्र असते. सुमारे 120 सेंटिमीटर व्यासाचे आणि 25 सेंटिमीटर खोलीचे हे गोल पात्र लाकडी चौकटीवर ठेवतात. रोज ठरलेल्या वेळी पाण्याची पातळी किती उतरली ते पाहतात आणि पाऊस झाला असल्यास तोही हिशेबात धरतात. मात्र पात्राच्या बाजू उन्हाने तापतात, त्यामुळे त्यातील पाणी तळ्यातील पाण्यापेक्षा वेगाने उडते. म्हणून पात्राच्या आकड्याला साधारणतः 0.7 ने गुणून तळ्याचा अंदाज बांधतात.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यातील एखाद्या दिवशी पात्रात 10 मिलिमीटर घट झाली, तर तळ्यात ती सुमारे 7 मिलिमीटर धरावी. एक चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पाण्याचा पृष्ठभाग 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद असेल, तर क्षेत्र 900 चौरस मीटर. म्हणजे एका दिवसात 6,300 लिटर पाणी गेले. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने हे शंभराहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. तळ्याचे काठ उतरते असल्याने पाणी खाली जाईल तसा पृष्ठभागही आक्रसतो. म्हणून लांबी-रुंदी अधूनमधून पुन्हा मोजावी.

या अंदाजाचा सर्वांत मोठा उपयोग दोष योग्य ठिकाणी ठेवण्यासाठी होतो. पाणी उपसलेले नाही, पाऊसही नाही, तरीही तळे दिवसाला 15 मिलिमीटर उतरत असेल, तर त्यातील 7 मिलिमीटर उन्हाचे. उरलेले 8 मिलिमीटर बहुधा झिरपून जात आहेत. अशा वेळी उन्हाला बोल लावून उपयोग नाही; तळाचे अस्तर तपासले पाहिजे. मोजमाप नसेल, तर फाटलेले अस्तर वर्षानुवर्षे उन्हाच्या नावावर खपून जाते.

दुसरा धडा आकाराचा. पाणी आटते ते उघड्या पृष्ठभागावरून. तेवढेच पाणी निम्म्या खोलीच्या तळ्यात साठवले, तर पृष्ठभाग दुप्पट होतो आणि बाष्पीभवनही जवळजवळ दुप्पट होते. म्हणून जागा व माती अनुकूल असेल तेथे तळे पसरट करण्यापेक्षा खोल करावे. वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग आणि लहान टाक्यांवर आच्छादन, हे उपायही याच नियमातून निघतात.

आपल्या गावच्या तळ्यात एक खुणेची पट्टी रोवावी, रोज सकाळी पातळी वहीत लिहावी आणि जवळच्या हवामान केंद्राच्या आकड्याशी ती ताडून पाहावी, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. यासाठी लागणारे गणित शाळेतच शिकून झालेले आहे. टंचाईच्या दिवसांत गावकीत पाण्यावरून वाद उभा राहतो, तेव्हा अशी एक वही दहा तर्कांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.