शेरूची साखळी आणि पन्नास रुपये

सुट्टीत परभणीला गावी गेलात की एक सीन हमखास दिसतो. गंगाखेडकडचा आखाडा असो (पुणेकरांसाठी: आखाडा म्हणजे शेतातलं घर, कुस्तीचा नव्हे!) नाहीतर शहरातला नवा बंगला, दारात एक शेरू किंवा मोती साखळीला बांधलेला. आपण ‘काय रे शेरू’ म्हणतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि आत पंख्याखाली जातो. शेरू तिथंच. मे महिन्यात इथला पारा बेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. सावली सरकली की त्यालाही सरकायला हवं, पण साखळी दोन हातांची. पाण्याचं भांडं कलंडलं तर संपलंच.

याविरुद्ध कायदा हवा, असं वाटतंय? सरप्राइज! कायदा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि १९६० मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याचं कलम ११ सांगतं, की जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, हाही गुन्हाच.

मग घोडं अडलं कुठं? पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. अहो, साखळीच त्याहून महाग मिळते! शिवाय गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आणि ‘अवाजवी’ म्हणजे किती तास? कायदा गप्प. प्राणिमित्रांनी ‘नो मोअर फिफ्टी’ अशी मोहीम काढली, नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीरही केला. कायदा मात्र अजून बदललेला नाही.

माझ्या मते दंडापेक्षा तासांचा आकडा महत्त्वाचा. कॅलिफोर्नियानं २००६ च्या कायद्यात तो थेट लिहिला: चोवीस तासांत फार तर तीन तास. जर्मनीनं तर २०२२ पासून कुत्रा बांधून पाळण्यालाच मनाई केली, थोडे अपवाद सोडून.

आता आखाड्यावरच्या काकांचंही ऐका. ‘मोकळा सोडला अन् कुणाच्या पोराला चावला तर? पिसाळलेलं कुत्रं याला चावलं तर?’ भीती खोटी नाही. रेबीजची लस हा तिचा अर्धा उपाय. उरलेला अर्धा अगदी देशी आहे: दोन खांबांमध्ये उंच तार ताणायची, तिच्यावर सरकणाऱ्या कडीत साखळी अडकवायची. शेरू अंगणभर फिरतो, सावलीत जातो, राखणही करतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यालाही अशी तार चालते.

आणि काका ऐकतच नसतील तर? तारखेसह फोटो काढून ठेवा आणि लवकर हला. या कायद्याखाली खटला भरायची मुदत गुन्हा घडल्यापासून फक्त तीन महिने आहे.