‘जहाज आले’ म्हणजे काय?
मुरगावसारख्या बंदरांतील जहाजांच्या ये-जा नोंदी आता संगणकप्रणाली ठेवतात, हे स्वागतार्हच होय. परंतु जहाज ‘आले’ केव्हा म्हणायचे? बाहेर नांगर टाकला तेव्हा, की धक्क्याला लागले तेव्हा? या दोहोंत कधी कित्येक दिवसांचे अंतर पडते आणि डेमरेजचा वाद त्यावरूनच पेटतो. २००४ अखेरपासून आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० सकल टन व त्याहून मोठ्या जहाजांस स्वयंचलित ओळखयंत्रणा सक्तीची आहे. तीत जहाजाचे स्थान आपोआप उमटते. गंतव्य बंदर व पोहोचण्याची अपेक्षित वेळ मात्र जहाजावरील माणूस हाताने भरतो. हा भेद सांगणारी माहितीपुस्तिका नसेल, तर आकडा बिनचूक असूनही निष्कर्ष चुकेल. प्रणालीकारांनी ती आधी लिहावी आणि धक्क्यावरील कारकुनास उमजेल अशा भाषेत लिहावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.