सुवर्णशोधक कंपनीच्या भागाचे मोल : अनुमान आणि आप्तवाक्य

ज्या कंपनीजवळ चालू खाण नाही, विकावयास सोने नाही आणि पुढील काही वर्षे नफा होण्याची शक्यताही नाही, तिच्या भागास बाजारात किंमत येते ती कशाच्या बळावर? सोन्याचा शोध घेणाऱ्या लहान कंपन्यांविषयी हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पडतो, तसा तो भाषेच्या अभ्यासकासही पडावयास हवा. अशा कंपनीची मुख्य मालमत्ता म्हणजे जमिनीखालील वस्तूविषयी केलेली काही विधाने होत, आणि तिच्या भागाचे मूल्यमापन म्हणजे बहुतांशी त्या विधानांच्या प्रामाण्याचे मूल्यमापन होय. आज मुरुमसारख्या गावातूनही भ्रमणध्वनीवर भागांची खरेदी करता येते. चार-पाच रुपयांना मिळणारा ‘सोन्याचा’ भाग कसा पारखावा, हे केवळ मुंबईच्या दलालाने जाणावे असे आता राहिलेले नाही.

मुरुमच्या (ता. उमरगा, जि. धाराशिव) शेतकऱ्यास या व्यवहाराचे मर्म अपरिचित नाही. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवावी, बोअरची गाडी यावी, फुटाप्रमाणे पैसे मोजावेत आणि शेवटी नुसता धुरळाच वर यावा, हा मराठवाड्यातला परिचित अनुभव आहे. पाणाड्याने दाखविलेल्या जागेला पाणी लागलेल्या जमिनीची किंमत कोणी देत नाही. भागबाजारात मात्र ती पुष्कळदा दिली जाते.

खुद्द मुरुमच्या भूमीत सोने शोधण्यात अर्थ नाही. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. तो झिजून होतो तो मुरूम. रस्ते बांधणाऱ्या इंजिनियरांच्या इंग्रजीनेही हा शब्द उचलला. (गावाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगण्याचा मोह होतो, पण नामसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.) १९९३ च्या भूकंपानंतर जवळच्या किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. दख्खनचे सोने आढळते ते दक्षिणेकडील धारवाडी शिलापट्ट्यांत. रायचूर जिल्ह्यातील हट्टी हे त्याचे प्रसिद्ध ठाणे. मुरुम आणि हट्टी ही दोन्ही स्थळे पूर्वी निजामाच्या राज्यात होती, आणि त्या राज्याच्या इतिहासातच या विषयाचा सर्वांत बोधप्रद दाखला सापडतो.

१८८६ साली निजाम सरकारने वॉटसन व स्टुअर्ट या दोन इंग्रजांना राज्यातील खनिजांचा मक्ता दिला. त्यातून लंडनमध्ये हैदराबाद (दख्खन) कंपनी निघाली. तिचे भांडवल दहा लक्ष पौंडांचे, भाग दहा पौंडांचा. या एक लक्ष भागांपैकी ८५,००० भाग मक्तेदारांनी मक्त्याचा मोबदला म्हणून, पूर्ण भरणा झालेले असे दाखवून, स्वतःकडे घेतले. पुढे निजाम सरकारचे अधिकारी सरदार अब्दुल हक यांनी सरकारच्याच पैशाने बारा पौंडांच्या दराने भाग खरेदी केले. त्यांचे स्वतःचे हितसंबंध मक्त्यात गुंतलेले होते. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली.

यातील अंकगणित सोपे आहे. बारा पौंडांच्या दराने सर्व भागांची किंमत बारा लक्ष पौंड होते. रोखीने भरावयाचे उरले होते १५,००० भाग, म्हणजे त्यांच्या दर्शनी किमतीने फार तर दीड लक्ष पौंड. उरलेले साडेदहा लक्ष ही एका कागदाची किंमत होती. आजही अशा कंपनीचा हिशेब प्रथम याच रीतीने मांडावा : सर्व भागांची बाजारातील एकूण किंमत घ्यावी, तीतून हाती असलेली रोकड वजा करावी, आणि जे उरेल ती आशेची किंमत समजावी. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की ही आशा कोणत्या विधानांवर उभी आहे?

येथे न्यायशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील १९८९ च्या संहितेपासून रूढ झालेल्या पद्धतीत भूगर्भातील खनिजाच्या तीन पायऱ्या मानतात : अनुमानित, निर्देशित आणि मोजलेले. पहिली विरळ छिद्रांवरून केलेले अनुमान असते. तिसरी प्रत्यक्षाच्या जवळ जाते, तरी तीही पूर्ण प्रत्यक्ष नव्हे. या सर्वांहून वेगळा शब्द ‘साठा’. खर्च, धातू वेगळा करण्याची रीत, परवाने हे सारे विचारात घेऊन जे फायद्याने काढता येईल, तेवढ्यालाच तो लावावयाचा असतो. वृत्तपत्रे मात्र अनुमानित खनिजासही सर्रास ‘साठा’ म्हणतात, आणि वाचकाचा तोटा बहुधा या एका शब्दापासून सुरू होतो. मराठी क्रियापदात ‘आहे’, ‘असावे’ व ‘असेल’ असा भेद करता येतो. कंपनीचे निवेदन मराठीत उतरवून पाहिल्यास ‘असावे’च्या जागी ‘आहे’ कोठे पडले ते ध्यानात येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वीस लक्ष टन खडक, टनास दोन ग्रॅम सोने. म्हणजे एकूण चार टन. त्यातील ८५ टक्के हाती लागले तर ३.४ टन. आजच्या भावाने त्याची रक्कम मांडणे हा भाबडेपणा होय. खोदाई, दळण, रसायने, कर आणि यंत्रे यांचा खर्च वजा जाता जे उरेल तेही दहा वर्षांनी मिळावयाचे. बारा टक्के दराने दहा वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मोल सुमारे ३२ रुपये. त्यास पुन्हा खाण प्रत्यक्षात येण्याच्या संभाव्यतेने गुणावयाचे. सरासरीही फसवी असते. ‘दहा मीटरमध्ये टनास दोन ग्रॅम’ या वाक्यामागे एका मीटरमध्ये वीस ग्रॅम आणि उरलेल्या नऊंत काहीच नाही, अशी वस्तुस्थिती असू शकते.

शिवाय शोधास पैसा लागतो आणि तो नवे भाग काढूनच येतो. दहा कोटी भागांची कंपनी पन्नास कोटींची धरली, तर भाग पाच रुपयांचा. तिने आणखी दहा कोटी भाग दोन रुपयांनी विकले की वीस कोटी आले, भाग वीस कोटी झाले आणि प्रत्येकाचे मोल साडेतीन रुपयांवर उतरले. सोने होते तेवढेच राहिले!

अनुमान मांडणारा ‘सक्षम तज्ज्ञ’ हा न्यायशास्त्रातील आप्त होय, आणि शब्दप्रमाण त्याच्या सचोटीवर अवलंबून असते. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे सांगणाऱ्या ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचे मोल सहा अब्ज डॉलरांच्या वर गेले होते. १९९७ मध्ये उघड झाले की दळलेल्या नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळले जात होते. कॅनडाने २००१ मध्ये निवेदनांसाठी कडक नियम केले ते त्यानंतर. तथापि प्रत्येक पडलेला भाग ठकबाजीचा असतो, असेही नव्हे. १८८० साली निघालेल्या म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भाग थोड्याच वर्षांत कवडीमोल झाले होते. उरल्यासुरल्या पैशात काम पुढे रेटले तेव्हा कोलारची मुख्य शिर लागली, आणि त्या क्षेत्रातील खाणी २००१ पर्यंत चालल्या.

हैदराबाद (दख्खन) कंपनीच्या मक्त्यातून टिकाऊ संपत्ती निघाली ती सिंगरेणीच्या कोळशाची. हट्टीची खाण विसाव्या शतकाच्या आरंभी चालली, १९२० च्या सुमारास बंद पडली आणि १९४७ मध्ये तिच्यासाठी नवी कंपनी स्थापन झाली. शेवटचा मुद्दा हक्काचा. मूळ कंपनीचे सारे मोल एका सरकारी मक्त्यावर उभे होते. आजच्या भारतीय शोधक कंपनीचेही तसेच आहे. २०१५ च्या कायद्याने खाणपट्टे लिलावाने देण्याची रीत आणली, तेव्हा पूर्वी शोध घेतलेल्यांचे काही हक्क राखून ठेवले होते. २०२१ च्या दुरुस्तीने असे प्रलंबित हक्क संपुष्टात आले. ज्या शोधकांचे अर्ज त्या कलमाखाली पडून होते, त्यांच्या खडकातील सोने एका ग्रॅमनेही घटले नाही. कंपनीच्या ताळेबंदातील त्याचा अर्थ मात्र एका कलमाने बदलला.