पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका!

चॅलेंज घ्या. पुढचं एक मिनिट मनात काहीही आणा, फक्त पांढरं अस्वल सोडून. रेडी? स्टार्ट!

आलं ना? येणारच! १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना हेच सांगितलं होतं. पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्यानं बोला, अस्वल मात्र नको, आलंच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली! खरी गंमत पुढे आहे. ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी ते दाबून धरलं होतं त्यांच्याच डोक्यात ते जास्त वेळा आलं. दाबलेला विचार दामदुपटीनं वसुली करतो. आणि हे अस्वल मूळचं कुणाचं, माहीत आहे का? दोस्तोयव्हस्कीचं! १८६३ च्या त्याच्या प्रवासलेखनातून ते थेट प्रयोगशाळेत घुसलं.

त्यामुळे ‘निगेटिव्ह विचार करूच नकोस गं’ हा घरोघरी फुकट मिळणारा सल्ला आजपासून बाद. विचाराला हाकलू नका, त्याला डोक्याबाहेर जागा द्या. कशी? भन्नाट मार्ग आहेत.

पण आधी एक फॉरवर्ड डिलीट करा. ‘माणसाच्या मनात दिवसाला साठ-सत्तर हजार विचार येतात’ हे वाचलंय ना? कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ब्रेन स्कॅनवरून अंदाज बांधला, तो निघाला दिवसाला सुमारे ६,२००. चला, नव्वद टक्के ओझं इथंच उतरलं!

उरलेल्यांतल्या काळज्या तरी खऱ्या ठरतात का? पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत सतत काळजीनं ग्रासलेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढे काय झालं तेही तपासलं. ९१.४ टक्के काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत! अभ्यास छोटा आहे, तरी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा असा आहे.

काळजीला अपॉइंटमेंट देता येते, माहीत आहे का? १९८३ मध्ये थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी ही युक्ती तपासली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी ती आली की सांगायचं, ‘संध्याकाळी या.’ काळजीत जाणारा एकूण वेळ घटला!

रात्री डोळा लागत नाही? उद्याच्या कामांची यादी करा. बेलर युनिव्हर्सिटीच्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं अशी यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

आता कचरापेटी! स्पेनमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शरीराविषयीचे नकोसे विचार कागदावर उतरवले. काहींनी तो कागद कचरापेटीत टाकून दिला. त्यांच्यावर त्या विचारांचा प्रभाव कमी पडला. कंप्युटरवरच्या रिसायकल बिनमध्ये फाइल टाकली तरी चाललं, नुसतं मनातल्या मनात ‘टाकलं’ म्हटलं तर मात्र नाही. हे २०१३ चं. २०२४ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठानं अपमान झालेल्यांना राग कागदावर लिहून तो श्रेडरमध्ये घालायला लावला, आणि राग जवळपास पूर्ववत पातळीला आला. रागाचा चक्क भुगा!

हीच गोष्ट भव्य प्रमाणावर करायची तर? अमेरिकेतलं सांता फे शहर गाठा. तिथं दरवर्षी झोझोब्रा नावाचा सुमारे ५० फुटी उदास म्हातारा हजारोंच्या साक्षीनं जाळतात. चित्रकार विल शुस्टरनं १९२४ मध्ये हे सुरू केलं. लोक आपली दुःखं चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्या पोटात भरतात, घटस्फोटाची कागदपत्रंसुद्धा!

पण थांबा, विमानाचं तिकीट काढू नका, नागपूरचं काढा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा एकच गजर होतो आणि शेवटी दहन. परंपरा १८८० च्या दशकातली, म्हणजे झोझोब्राहून चाळीसेक वर्षांनी मोठी. नको ते सगळं मोठ्यानं बोलून गल्लीबाहेर काढायचं, हे शहाणपण विदर्भानं कुठल्याही लॅबची वाट न पाहता जपलं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणखी एक घरचा हिरा. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉसनं २०१४ मध्ये दाखवलं, की टेन्शनमध्ये स्वतःशी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोललं, तर भाषण सुधारतं आणि नंतरचं कुढणंही कमी होतं. ‘मी घाबरलोय’ नव्हे, ‘समीर, तू का घाबरलायस?’ ओळखीचं वाटतंय? तुकोबा, नामदेव, जनाबाई अभंगात स्वतःचा उल्लेख नावानंच करत आले. आणि समर्थांनी तर मनालाच समोर बसवून २०५ श्लोक ऐकवले! संतांचा हेतू वेगळा आणि कितीतरी मोठा होता, हे मान्य. पण मनापासून चार पावलं दूर उभं राहून त्याच्याशी बोलायची ही रीत आपल्या कानांना किती आधीपासून ठाऊक आहे!

नुसतं बोलून भागत नसेल, तर भीतीला थेट भिडा. डेटिंगचा विक्रम ऐका. पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला, पण तेव्हा बायकांशी बोलायला घाबरणारा अल्बर्ट एलिस १९ वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावरच्या बायकांशी बोलायला गेला. त्याच्याच सांगण्यानुसार एकूण १३०! ३० उठून गेल्या, १०० बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं, पण ती आलीच नाही. तरी आभाळ कोसळलं नाही, आणि भीती मात्र पळाली! याच एलिसनं १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी त्याच्यावरच आहे.

स्टेजवर धडधडतंय? ‘मी शांत आहे’ म्हणू नका, ‘मी एक्सायटेड आहे’ म्हणा! हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्सनं २०१४ मध्ये लोकांना कॅराओकेवर गायला लावलं. ‘एक्सायटेड’वाले ‘घाबरलोय’वाल्यांपेक्षा कितीतरी सुरात गायले. धडधड तीच, लेबल नवं.

मात्र नकोसे विचार आठवडेच्या आठवडे झोप, भूक, काम खाऊ लागले, तर युक्त्यांवर थांबू नका. टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. बिनधास्त फोन लावा.

आता क्रिएटिव्ह मंडळींनो, इकडे! २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय मशीनमध्ये आडवं करून, खास बनवलेला कीबोर्ड मांडीवर देऊन वाजवायला सांगितलं. उत्स्फूर्त वादन सुरू होताच, स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाची हालचाल मंदावली. आतला परीक्षक गप्प, बोटं मोकळी! जाहिरातवाला अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न हे १९४० च्या दशकातच ओळखून होता. त्याच्या ब्रेनस्टॉर्मिंगचा पहिला नियमच होता, टीका नंतर.

आणि आयडिया अडलीच, तर चपला घाला. स्टॅनफर्डच्या २०१४ च्या प्रयोगात चालताना लोकांचं सर्जनशील उत्पादन सरासरी ६० टक्क्यांनी वाढलं. बाग नको, समुद्रकिनारा नको. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी फरक पडला, आणि बसल्यावरही तो काही वेळ टिकला!