दोर तुटला तर लिफ्ट पडेल का?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये हिसका देऊन थांबली की आतल्या माणसांची नजर आधी वर जाते. दोर तुटला तर?

या भीतीला उत्तर मिळालं १८५४ साली, न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात. एलिशा ओटिस उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि भरगर्दीसमोर त्याने वरचा दोर तोडायला लावला. फळी जराशी घसरली आणि जागीच अडकली. युक्ती साधी होती. दोराचा ताण गेला की घोडागाडीला असते तशी पोलादी स्प्रिंग मोकळी होई आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांत रुतून बसे. काय सुंदर कल्पना! दोर तुटणं हाच ब्रेक लागण्याचा इशारा.

आज लिफ्टच्या डब्याला एकाहून जास्त पोलादी दोर असतात आणि वेगावर गव्हर्नर नावाचं चाक लक्ष ठेवतं. ओटिसचं नाव घराघरांत पोचलं, या चाकाची आठवण मात्र कुणी काढत नाही. डबा मर्यादेपेक्षा वेगाने उतरू लागला की ते आपला वेगळा, बारीक दोर पकडतं. त्या ओढीने डब्याखालचे जबडे रुळांना घट्ट आवळतात. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक बॉम्बफेकी विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं, तेव्हा मुख्य दोरांबरोबर हा बारीक दोरही तुटला. लिफ्ट पंचाहत्तर मजले कोसळली. आतली बेटी लू ऑलिव्हर गंभीर जखमी झाली, पण वाचली.

दोराइतकीच काळजी दाराची आणि ब्रेकची करायला हवी. डब्याला तोलणारं वजन रिकाम्या डब्यापेक्षा जड असतं. त्यामुळे ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर धावते. दार उघडं असताना लिफ्ट हलू न देणारा कॉन्टॅक्ट कुणी ‘तात्पुरता’ शॉर्ट करून ठेवला, तर उंबरठ्यावरच्या माणसाला गव्हर्नर वाचवू शकत नाही.

महाराष्ट्रात १९३९च्या मुंबई लिफ्ट कायद्याची जागा २०१७च्या नव्या कायद्याने घेतली. परवाना आणि सरकारी निरीक्षकाकडून तपासणी ही मालकाची, म्हणजे सोसायटीची जबाबदारी आहे. वार्षिक देखभाल कंत्राट (एएमसी) घेतलेल्याचं सर्व्हिसिंग म्हणजे ही तपासणी नव्हे. सेक्रेटरींनी तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहावं, दाराचे कॉन्टॅक्ट, ब्रेक आणि गव्हर्नर चालवून दाखवायला सांगावं आणि सापडलेला दोष दूर होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.