सहल चौदा जणांची, हिशेब खोल्यांचा

मुंबई, प्रतिनिधी –

वार्षिक परीक्षा संपतात, निकाल हाती पडतो आणि लालबाग-परळच्या चाळींपासून गिरगावातल्या वाड्यांपर्यंत घरोघरी एकच विषय निघतो. या सुटीत मुलांना कोठे न्यायचे? मुलांचे उत्तर तयार असते. त्यांना उंच पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेले मोठे उद्यान हवे असते. मग काका, आत्या, मामा यांना दूरध्वनी जातात, आकडा चौदा-पंधरावर पोहोचतो आणि वडीलधारे कागद-पेन घेऊन हिशेबाला बसतात. प्रवेशाची तिकिटे कशीबशी बसतात, प्रवासही बसतो. बसत नाही तो मुक्काम. अशा वेळी घरातल्या आजी हळूच म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’ खर्चाची पहिली कात्री ही अशी ज्येष्ठांवर चालते. मुक्कामाची नीट आखणी केली तर ती टाळता येते.

एके काळी हा प्रश्न मुंबईकरांपुढे नव्हता. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, पुढे १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आले. मालाड किंवा बोरिवलीला उतरायचे, मार्वे किंवा गोराईच्या खाडीतून बोटीने पलीकडे जायचे आणि रात्री जेवायला घरी परतायचे, असा तो एका दिवसाचा बेत असे. एस्सेलवर्ल्ड आता बंद झाले आहे. मुंबईकरांना जवळचे मोठे थीम पार्क म्हणजे खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका. त्याला जोडून २०१४ मध्ये वॉटर पार्क आणि २०१५ मध्ये तारांकित हॉटेलही उभे राहिले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते खोपोली हे रेल्वेचे अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. त्यामुळे गोराईच्या सहलीत कधीच न उद्भवलेला मुक्कामाचा प्रश्न येथे पुढे येतो.

मुक्काम खरेच हवा का?

तरुण मंडळींनी पहाटे दादरहून निघून रात्री उशिरा परतणे शक्य आहे. कुटुंबात सत्तरीचे आजोबा आणि चार वर्षांची नात असेल, तर तोच बेत शिक्षा ठरतो. पहाटे चारला उठवलेले मूल दुपारी तीन वाजताच कंटाळते आणि महागडे तिकीट वाया जाते. म्हणजे सहलीला कोण येऊ शकेल, हे बऱ्याच अंशी मुक्कामावर ठरते.

एकच रात्र परवडत असेल, तर ती आदल्या दिवसाची घ्यावी. संध्याकाळी पोहोचून विश्रांती घेतली, तर उद्यान उघडताना सर्व जण दारात ताजेतवाने हजर राहतात आणि रांगा वाढण्यापूर्वी मोठे पाळणे हाती लागतात. दुसरी रात्र शक्य असेल तर उत्तमच. तसे असल्यास ज्या ज्येष्ठांना पाळण्यांत रस नाही, त्यांनी तिकीट न काढता मुक्कामाच्या जागी दिवसभर आराम करावा. दोन-तीन तिकिटांची बचत होते आणि तेवढ्यात त्या रात्रीच्या भाड्याचा काही भाग निघतो.

खोल्या मोजायच्या की घर?

हॉटेलचा हिशेब दोन प्रौढ आणि एक मूल, अशा कुटुंबावर बेतलेला असतो. आपला हिशेब माणसांचा असतो. नऊ प्रौढ आणि पाच मुले असे चौदा जणांचे कुटुंब घ्या. हॉटेलच्या नियमाने त्यांना पाच खोल्या लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या, गावाहून आलेले पाहुणेही जेथे अंथरूण टाकून सामावले, त्या कुटुंबाला हा नियम चमत्कारिक वाटला तर नवल नाही.

केवळ तुलनेसाठी काही आकडे गृहीत धरू. हॉटेलची खोली ६००० रुपयांना मिळाली, तर पाच खोल्यांचे ३०,००० रुपये आणि ५ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ३१,५०० रुपये होतात. म्हणजे माणशी २२५० रुपये. तीन-चार खोल्यांचा अख्खा बंगला १५,००० रुपयांना मिळाला, तर त्यावर १८ टक्के कर धरूनही १७,७०० रुपये, म्हणजे माणशी सुमारे १२६५ रुपये पडतात. भक्तनिवासातील ९०० रुपयांच्या चार खोल्यांत गाद्या घालून सोय झाली, तर एकूण ३६०० रुपये, म्हणजे माणशी २५७ रुपये. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतील, परंतु या तीन पर्यायांतील अंतर साधारण असेच राहते. कुटुंब जितके मोठे, तितके खोलीवार भाडे महाग आणि घरवार भाडे स्वस्त, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

कराचाही विचार करायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के. चौदा जणांच्या बाबतीत ही सीमारेषा महत्त्वाची ठरते. ७४०० रुपयांच्या पाच खोल्यांचे करासह ३८,८५० रुपये होतात, तर ८००० रुपयांच्या पाच खोल्यांचे ४७,२०० रुपये. खोलीमागे ६०० रुपयांचा फरक एका रात्रीत ८३५० रुपयांवर जातो. म्हणून भाव विचारताना ‘करासह, नाश्त्यासह, जादा गादीसह एकूण किती?’ असाच प्रश्न करावा.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. हॉटेलात मुलाचे भाडे वयावरून ठरते, तर उद्यानात तिकीट बहुधा उंचीवरून. त्यामुळे हॉटेलात ‘लहान’ असलेला उंचेला मुलगा उद्यानाच्या दारात ‘मोठा’ ठरू शकतो. घरून निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीशी मुलांची उंची मोजून घ्यावी आणि मगच तिकिटांची बेरीज करावी. साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळा दर असल्यास त्यांचे ओळखपत्र बरोबर असू द्यावे.

दोन विनायकांच्या मध्ये

मुंबईच्या मराठी कुटुंबांना एक सोय परंपरेनेच लाभली आहे आणि तिकडे अनेकांचे लक्ष जात नाही. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खालापूर तालुक्यातच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. उद्यान या दोहोंच्या मध्ये येते. पालीला देवस्थानाचे भक्तनिवास आहे. देवळाच्या आसपास घरगुती जेवण आणि राहण्याची सोय करणारी मंडळीही भेटतात. ज्या आजींना पाळण्यांचे आकर्षण नाही, त्यांना बल्लाळेश्वराचे दर्शन नक्कीच मोलाचे वाटेल. एकाच सहलीत नातवाचा आणि आजीचा असे दोन्ही हेतू साधतात.

येथे करही आड येत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने धार्मिक स्थळाच्या परिसरात चालवलेल्या, दिवसाला १००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून सूट आहे.

मात्र भक्तनिवासाची शिस्त पाळावी लागते. मद्य आणि मांसाहार वर्ज्य असतो, रात्री दरवाजा ठरावीक वेळी बंद होतो आणि प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र मागितले जाते. उद्यानातून रात्री निघायला उशीर होणार असेल, तर तशी कल्पना आधी द्यावी. संकष्टी, विशेषतः अंगारकी, आणि माघी गणेशजयंतीच्या सुमारास दोन्ही ठिकाणी गर्दी उसळते. त्या दिवशी स्वस्त मुक्काम मिळण्याची आशा धरू नये.

घरातलाच शोध

बाहेर शोधण्यापूर्वी घरात चौकशी करावी. मध्य मुंबईतल्या अनेक घरांत कोणी ना कोणी बँकेतून किंवा सरकारी उपक्रमातून निवृत्त झालेले असते. काही बँका आणि उपक्रमांची कर्मचाऱ्यांसाठी लोणावळा-खंडाळा, माथेरान येथे विश्रामगृहे आहेत आणि त्यांतील काही ठिकाणी निवृत्तांनाही अल्प दरात प्रवेश मिळतो. वर्षानुवर्षे कोणी अर्जच न केल्याने हा हक्क घराघरांत विसरला गेला आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे कार्ला येथील निवासस्थान हाही कुटुंबांना सोयीचा पर्याय आहे. लोणावळ्याजवळच्या या ठिकाणाहून घाट उतरून खालापूरला येता येते. लोणावळ्याजवळ वेगळे वॉटर पार्कही आहे, तेव्हा घाट उतरायचा नसेल तर तेथेच दिवस घालवता येतो. शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी झालेली घरेही पाहावीत. तेथे यजमान घरातच असल्याने लहान मुलांसाठी रात्री कपभर दूध मागायलाही संकोच वाटत नाही.

बंगला घेताना

मोठ्या कुटुंबाला बंगला सोयीचा खरा, परंतु फसवणुकीचा धोकाही तेथेच अधिक आहे. लोणावळा परिसरातील बंगल्यांची छायाचित्रे टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार पोलिसांपर्यंत गेले आहेत. छायाचित्रे पाहून लगेच पैसे पाठवू नयेत. पूर्ण पत्ता घ्यावा, चित्रफितीवरून घर त्याच वेळी दाखवायला सांगावे, आगाऊ रक्कम कमीत कमी द्यावी आणि तिची पावती घ्यावी. किती माणसांना परवानगी आहे, गाद्या किती, स्वच्छतागृहे किती, पाणी चोवीस तास आहे का, स्वयंपाकघर वापरू देतात का आणि अनामत केव्हा परत मिळते, हे लेखी विचारावे. चौदा माणसांना दोनच स्वच्छतागृहे असतील, तर सकाळी नऊला निघण्याचा बेत अकरावर जाईल.

जाहिरातीतला पोहण्याचा तलाव मुलांना भुरळ घालतो. या परिसरातील खासगी बंगल्यांच्या तलावांत लहान मुले बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. तेथे जीवरक्षक नसतो आणि सामान उतरवण्याच्या गडबडीत प्रत्येकाला वाटते की मुलांकडे दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष आहे. पोहोचताच एका प्रौढावर ही जबाबदारी नाव घेऊन सोपवावी. तलावाला कुंपण नसेल आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर दुसरा बंगला पाहावा.

प्रवासात वाचलेले मुक्कामात

गिरगावकरांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि लालबाग-परळकरांना दादर येथून खोपोली लोकल गाठता येते. सुटीच्या दिवशी सकाळी उलट दिशेने गर्दी कमी असते. खोपोली स्थानकातून उद्यान दहा-बारा किलोमीटरवर आहे, तेथून रिक्षा किंवा गाडी करावी लागते. एसटीचा विचारही अवश्य करावा. राज्यात महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट. मुंबई सेंट्रल आणि परळ ही दोन्ही आगारे या वस्तीच्या हाकेच्या अंतरावर आहेत. चौदापैकी आठ-नऊ जण सवलतीत बसत असतील, तर वाचलेल्या पैशांत एक जादा खोली मिळू शकते. मात्र मुक्कामाहून उद्यानापर्यंत ने-आण करण्याचा खर्च धरल्यावर सतरा आसनी गाडी स्वस्त पडते का, हेही पडताळून पाहावे. फार दूरचा स्वस्त मुक्काम गाडीभाड्यात महाग होतो.

शनिवार-रविवार टाळणे हा सर्वांत सोपा उपाय. मे महिन्यातही मंगळवार-बुधवारी बंगल्यांचे दर उतरतात आणि घासाघीस करायला वाव मिळतो. जेवणाचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर न्याहारी आणि रात्रीचे जेवण मुक्कामी करावे, कारण बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत.

तीन दिवस हाताशी असतील, तर शिर्डीचाही विचार करता येईल. दादरहून साईनगर शिर्डीला थेट गाडी आहे, संस्थानाची मोठी भक्तनिवासे आहेत, प्रसादालयात अल्प खर्चात भोजन होते आणि गावातच वॉटर पार्कही आहे. एवढ्या मोठ्या कुटुंबाची एका छपराखाली आणि आटोक्यातल्या खर्चात सोय होणारी अशी ठिकाणे राज्यात फार नाहीत.

चाळी पडत आहेत, टॉवर उभे राहत आहेत. एका मजल्यावर वाढलेली भावंडे आज डोंबिवली, विरार, बदलापूरला विखुरली आहेत. त्यांच्या मुलांची एकमेकांशी भेट लग्नकार्यात आणि गणपतीतच होते. दोन रात्री एका छपराखाली काढण्याचे मोल त्यांच्यासाठी पाळण्यांहून कमी नाही. म्हणून या वर्षी यादी करताना पहिले नाव आजीचे लिहावे आणि मग तिला सोयीची, तळमजल्यावरची, देवळाजवळची जागा शोधावी. तिच्या सोयीची जागा मिळाली, की उरलेल्या तेरा जणांची सोय त्याच ठिकाणी सहज होते.